देवळाचे द्वारपाळ

ज्युबिलीच्या पुस्तकांत देऊळ बांधणाऱ्यांचीं नांवें असतात, घंटा अर्पण करणाऱ्यांचीं असतात, पहिली मिस्सा अर्पिणाऱ्या धर्मगुरूचें छायाचित्र असतें. तें योग्यच आहे. परंतु ज्यानें रोज पहांटे देवळाचें दार उघडलें व रात्रीं लावलें, त्याचें नांव बहुधा कोठेंच आढळत नाहीं. म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें त्या विसरलेल्या सेवकाचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा विषय सुचण्यास माझीच एक चूक कारण झाली. कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना चोरट्यांनीं दानपेटी फोडली. रक्कम मोठी नव्हती, पण मनांत भय शिरलें. मीं कोणासही न विचारतां भलें मोठें कुलूप आणविलें व मिस्सेची वेळ सोडून देऊळ बंद ठेवण्यास सांगितलें. पुढें एके सकाळीं रात्रपाळीहून परतलेला एक कामगार पायरीवर बसून जपमाळ म्हणत असलेला दिसला. "बाहेर कां बसलांत?" असें विचारतां तो म्हणाला, "दाराला कुलूप आहे, फादर." त्याच्या बोलण्यांत रागाचा लेशही नव्हता, म्हणूनच तें मला लागलें. चोर तर पुन्हा आलाच नाहीं. कुलुपानें अडला तो भाविक!

तेव्हांपासून एक प्रश्न मला सोडीत नाहीं. देवाचें घर राखावें कसें, आणि तरीही तें देवाचेंच घर राहावें कसें?

जुन्या करारांत इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा नववा अध्याय उघडावा. यरुशलेमच्या मंदिराच्या उंबरठ्यांवर नेमलेल्या २१२ द्वारपाळांची तेथें नोंद आहे. चार दिशांना चार पहारे होते. मंदिराचें रक्षण त्यांजकडे असल्यामुळें ते रात्रीं त्याच्याभोंवतीं राहत, आणि रोज सकाळीं दार उघडणें हेंही त्यांचेंच काम होतें. पुढें सव्विसाव्या अध्यायांत कोणास कोणतें दार द्यावें हें ठरविण्यासाठीं लहानथोर असा भेद न करतां चिठ्ठ्या टाकल्याचें सांगितलें आहे. यांतून दोन गोष्टी ध्यानांत येतात. राखणें आणि उघडणें हीं कामें एकाच हाताकडे होतीं. आणि तो मान कोणा एका बड्या घराण्यापुरता राखून ठेवलेला नव्हता.

ख्रिस्तसभेनेंही ही परंपरा सोडली नाहीं. इ. स. २५१ सालीं परमगुरुस्वामी संत कॉर्नेलियस यांनीं अंत्युखियाच्या फाबियस यांस लिहिलेल्या पत्रांत रोमच्या सेवकवर्गाची गणती दिली आहे. ४६ धर्मगुरु, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट, आणि भूतें काढणारे, वाचक व द्वारपाळ मिळून ५२. शिवाय दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू लोकांचें पोषण ती मंडळी करीत होती. हें पत्र डेसियस बादशहाच्या छळाला एक वर्ष होतें न होतें तोंच लिहिलेलें आहे. दारावर उभा राहणारा मनुष्य त्या दिवसांत किती मोलाचा असेल, हें वेगळें सांगावयास नको.

पुढें द्वारपाळपद हें धर्मगुरुपदाच्या वाटेवरील एक पायरी झालें. दीक्षेच्या वेळीं महागुरुस्वामी उमेदवाराच्या हातीं देवळाच्या किल्ल्या देत. तो दार लावी, उघडी, आणि घंटा वाजवी. १९७२ सालीं परमगुरुस्वामी सहावे पौल यांनीं हें पद बंद केलें. आम्हांस शिकविणाऱ्या वृद्ध धर्मगुरूंनीं त्या किल्ल्या हातीं घेतल्या होत्या. आमच्या पिढीच्या हातीं त्या आल्या नाहींत.

पद गेलें, काम मात्र उरलें. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेंत तें स्पष्ट दिसतें. कलम ९३८ म्हणतें कीं, पवित्र पेटी स्थिर, भक्कम व कुलूपबंद असावी आणि तिची किल्ली अत्यंत दक्षतेनें जपावी. कलम १२२० मौल्यवान वस्तूंच्या सुरक्षिततेची योग्य तजवीज करावयास सांगतें. पण त्याच संहितेचें कलम ९३७ असेंही सांगतें कीं, जेथें पवित्र साक्रामेंत ठेविलेला आहे तें देऊळ, गंभीर कारण नसेल तर, रोज निदान कांहीं तास प्रार्थनेसाठीं उघडें असावें. कुलूप घेतांना मीं पहिलीं दोन कलमें पाळलीं आणि तिसरें विसरलों!

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. वसईचा किल्ला ज्यांनीं पाहिला असेल त्यांस आठवेल कीं, तट अजून उभे आहेत, पण आंतल्या देवळांचीं छपरें गेलीं आहेत. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला व पोर्तुगीज सत्ता तेथून निघून गेली. श्रद्धा मात्र निघून गेली नाहीं. तटाबाहेरच्या वसईच्या गांवांतील साध्या कुणब्याकोळ्यांनीं ती राखली, आणि आजही तेथील देवळें भरलेलीं असतात. जें दगडांस साधलें नाहीं तें माणसांनीं केलें.

दुसरें उदाहरण भिवंडीचें. १९७० व १९८४ सालच्या दंगलींनीं पोळलेल्या त्या गांवीं १९८८ सालीं पोलिस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदु व मुसलमान रहिवासी, त्यांतही साधीं माणसें, पोलिसांसह एकत्र बसत व किरकोळ तंटे वेळींच मिटवीत. १९९२-९३ च्या हिंवाळ्यांत मुंबई जळत असतांना शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईंतही अशीच चळवळ उभी राहिली. तींत आपल्या ख्रिस्तसभेचे श्री. ज्युलिओ रिबेरो हे अग्रभागीं होते. शेजाऱ्याचें प्रार्थनास्थळ सुरक्षित असेल तरच आपलें सुरक्षित राहतें, हा या समित्यांचा धडा आहे. आपल्याच जिल्ह्यांत मालेगांवीं ८ सप्टेंबर २००६ रोजीं, शुक्रवारच्या नमाजानंतर, मशिदीजवळच्या कबरस्तानांत स्फोट होऊन तीसांहून अधिक जीव गेले. त्या दिवशींचें दुःख केवळ मुसलमानांचें होतें असें कोण म्हणेल?

अखेरची कथा सरहद्दीपलीकडची आहे. लाहोरच्या युहानाबाद वस्तींत आकाश बशीर नांवाचा वीस वर्षांचा तरुण होता. तो डॉन बॉस्कोच्या तंत्रशाळेंत शिकलेला. २०१३ सालीं पेशावरच्या देवळावर हल्ला झाला, त्यानंतर ठिकठिकाणचे तरुण विनावेतन दारांवर उभे राहूं लागले. त्यांत आकाशही होता. १५ मार्च २०१५ च्या रविवारीं संत योहानाच्या देवळांत भाविक जमले असतांना अंगावर स्फोटकें बांधलेला एक मनुष्य आंत घुसूं लागला. आकाशनें त्यास मिठी मारून दारांतच रोखलें. दोघेही गेले, आंतली मंडळी वांचली. २०२२ सालीं ख्रिस्तसभेनें आकाशला 'देवसेवक' म्हणून मान्यता दिली. प्राचीन द्वारपाळपद १९७२ सालीं पुस्तकांतून गेलें खरें, पण लाहोरच्या त्या दारांत तें पुन्हा दिसलें.

प्रिय अंबडकर बंधुभगिनींनो, आपलें गांव तर पहारेकऱ्यांचें गांव आहे. औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या फाटकांवर रात्र जागविणारे कितीतरी जण रविवारीं आपल्याच बांकांवर बसतात. वायरमन आहेत, आग विझविण्याचें शिक्षण घेतलेले आहेत, खाकी वर्दी उतरवून घरीं बसलेले आहेत, परिचारिका आहेत. दुसऱ्याचा माल राखण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस देवाचें घर कसें राखावें हें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं. नाताळच्या मध्यरात्रीं गर्दी झाली तर दुसरें दार उघडतें काय? मेणबत्त्यांच्या वर तारा कशा गेल्या आहेत? किल्ल्या किती, आणि कोणाकोणाकडे? पात्रांची यादी अखेरची कधीं तपासली? या प्रश्नांचीं उत्तरें सेमिनरींत शिकवीत नाहींत. तीं तुम्हांस ठाऊक आहेत.

म्हणून माझी विनंती अशी कीं, ज्यांस हें ज्ञान आहे त्यांनीं सल्लागार म्हणून पुढें यावें. वेतन नाहीं, वर्दी नाहीं. महिन्यांतून एक सायंकाळ द्यावी, देऊळ डोळसपणें फिरून पाहावें, आणि धर्मगुरूचें चुकत असेल तेथें त्यास निर्भीडपणें सांगावें. एवढें मात्र ध्यानांत असावें कीं, अनोळखी मनुष्यास प्रथम नमस्कार, मग चौकशी. मायोर्काच्या महाविद्यालयाचे द्वारपाळ संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज दारावर थाप पडतांच प्रभूच आला असें समजून उठत. १८८८ सालीं त्यांस संतपद मिळालें. दार उघडण्याहून मोठें असें कोणतेंही पद त्यांनीं आयुष्यांत भूषविलें नव्हतें.

आपलें दार रात्रपाळीहून परतणाऱ्यासाठीं पहांटे उघडें असावें, आणि तें उघडें ठेवण्यास कोणी जागा असावा. ज्युबिलीच्या वर्षीं देवाजवळ मी एवढेंच मागतों.