शस्त्राची पारख : एका रायफलीच्या खरेदीचा इतिहास

मडके घेणारी गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. बैल घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो आणि त्याला चार पावले चालवून बघतो. या पारखीमागे एक गोष्ट गृहीत असते, ती ही की, जो घेतो तोच ती वस्तू वापरणार असतो. मडके गळले तर त्याच घरातले पाणी जायचे. राज्यसंस्था सैन्यासाठी शस्त्र घेते तेव्हा मात्र हे गृहीतच नाहीसे होते. घेणारा कचेरीत बसलेला असतो आणि वापरणारा खंदकात. मग शस्त्र पारखायचे कोणी, आणि कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेच्या सैन्याने घेतलेल्या एका अर्धस्वयंचलित रायफलीची हकीकत आज आपण पाहू.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. जुन्या रायफलीत प्रत्येक बारानंतर सैनिकाला हाताने बोल्ट मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकावे लागे आणि बोल्ट पुढे ढकलून नवे आत घ्यावे लागे. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम बाराच्या जोरावर आपोआप होते. सैनिकाने फक्त चाप ओढायचा, आणि एका ओढीला एकच गोळी सुटायची. सोय मोठी खरी, परंतु हलणारे भाग वाढले की बिघडण्याच्या जागाही वाढतात. म्हणूनच अशी रायफल घेताना पारख अधिक कसून करावी लागते.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे अमेरिकन सरकारचा जुना शस्त्रकारखाना होता. १९१७ च्या सुमारास तेथेच एक कटू अनुभव आला. १९०३ च्या नमुन्याच्या रायफलींच्या पोलादी चौकटी कधी कधी फुटत. कारण शोधता असे आढळले की, पोलाद किती तापले हे कारागीर नुसत्या डोळ्यांनी, रंगावरून ठरवीत. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेला तुकडा फिका दिसे, म्हणून तो अधिक तापविला जाई व ठिसूळ होई. पुढे उष्णतामापक यंत्रे आली आणि दोष गेला. पण आठ लक्षांच्या आतील क्रमांकाच्या त्या रायफलींवर संशयाचा शिक्का कायमचा बसला. बाहेरून त्या चांगल्या रायफलींसारख्याच दिसत! नुसत्या नजरेची पारख पुरी पडत नाही, हा पहिला धडा.

याच कारखान्यात १९१९ मध्ये जॉन गॅरंड हा कॅनडात जन्मलेला यंत्रज्ञ कामाला लागला. काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी बाराच्या वेळी किंचित मागे सरकते. त्या हालचालीवर चालणारी रायफल त्याने प्रथम रचली. पण सैन्याने काडतुसाची दारू बदलली आणि टोपी घट्ट बसविण्याचे ठरविले, तशी ती सारी रचना निकामी झाली. रायफल आणि काडतूस हे एकच शस्त्र आहे. एक पारखून दुसरे गृहीत धरता येत नाही, हा दुसरा धडा.

त्याचा प्रतिस्पर्धी जॉन पीडरसन याने ·२७६ इंच व्यासाचे हलके काडतूस आणि त्यासाठी स्वतंत्र रायफल सिद्ध केली. १९२८ मध्ये बेशुद्ध केलेल्या डुकरांवर गोळ्यांच्या परिणामाची परीक्षा झाली आणि लहान गोळीही लढाईच्या नेहमीच्या पल्ल्यात पुरेशी घातक ठरते असे दिसले. मात्र पीडरसनच्या रायफलीला मेणाचा पातळ थर दिलेली काडतुसे लागत. गॅरंडची रायफल कोरड्या काडतुसांवर चाले, आणि तिच्या क्लिपमध्ये अशी दहा काडतुसे मावत. परीक्षकांचा कौल तिच्याकडे झुकला.

एवढ्यात १९३२ मध्ये सेनाप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी नव्या व्यासाला नकार दिला. कोठारांत ·३० इंची काडतुसांचे मोठे साठे पडून होते, मशीनगनही त्याच काडतुसावर चालत, आणि मंदीच्या दिवसांत तिजोरीत पैसा नव्हता. गॅरंडने रचना ·३० साठी बेतली. काडतुसे दहाची आठ झाली. मॅकार्थर चुकले की बरोबर होते, यावर आजही वाद होतो. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न अस्सल गिऱ्हाइकाचा होता : ही वस्तू घेतली तर तिच्याबरोबर आणखी काय काय घ्यावे लागेल?

९ जानेवारी १९३६ रोजी रायफल स्वीकारली गेली आणि एम-१ या नावाने १९३७ पासून कारखान्यातून बाहेर पडू लागली. पारख संपली असे वाटले, पण खरी पारख आता सुरू झाली. नळीच्या तोंडाशी वायू पकडणारी मूळ योजना त्रासदायक ठरली. १९३९ मध्ये ती सोडून नळीलाच बारीक छिद्र पाडून वायू घेण्याचे ठरले. नवी योजना प्रत्यक्षात येईपर्यंत सुमारे पन्नास हजार रायफली जुन्या पद्धतीने बनल्या होत्या. त्याच सुमारास आणखी एक विचित्र तक्रार आली. आठांपैकी नेमके सातवे काडतूस अडकू लागले. शोध घेता कळले की, चौकटीवर यंत्रकाम करताना आतल्या एका मार्गदर्शक कडेचा लहानसा भाग कापला जात होता. परीक्षेला ठेवलेल्या नमुन्यांत ती कड शाबूत होती. ठोक उत्पादनात ती गेली. नमुना पास झाला म्हणजे माल पास झाला असे नव्हे. मला वाटते, या साऱ्या कथेतील सर्वांत मोलाचा धडा हाच.

१९४० च्या अखेरीस अमेरिकन नौसैनिकांनी सॅन डिएगो येथे वाळू, चिखल आणि खारे पाणी यांत निरनिराळ्या रायफली घोळसून पाहिल्या. अति चिखलात जुनी हाताने ओढायची रायफलच अधिक भरवशाची ठरली. पण अर्धस्वयंचलितांत गॅरंड पहिली आली, आणि १९४१ मध्ये त्यांनीही ती घेतली. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये ग्वाडलकनाल बेटावर नौसैनिक उतरले ते १९०३ ची जुनी रायफल घेऊन! ऑक्टोबरात मदतीला आलेल्या भूदलाच्या पलटणीच्या हाती मात्र एम-१ होती. निर्णय होणे आणि शस्त्र हाती पडणे यांत असे अंतर असते. एकूण सुमारे चोपन्न लक्ष एम-१ रायफली तयार झाल्या. गॅरंडने आपले हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लक्ष डॉलर द्यावेत असा प्रस्ताव अमेरिकेच्या काँग्रेसपुढे आला, पण संमत झाला नाही.

हा इतिहास परका वाटेल. तो तसा नाही. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाच्या वेळी आपले पायदळ मुख्यतः ·३०३ ची, हाताने बोल्ट ओढायची रायफल घेऊन हिमालयात उभे होते, आणि समोरच्यांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. त्यानंतर बंगालमधील ईशापूर येथे ७·६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल बनू लागली. आपल्या जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा काडतुसांचा कारखानाही त्याच दशकातला. त्या पराभवाला एकटी रायफल जबाबदार नव्हती, हे उघड आहे. पण घाईने घेतलेले शस्त्र जसे सैनिकाला दगा देते, तसेच वेळेवर न घेतलेलेही देते.

तेव्हा शस्त्र पारखताना नळी, चौकट, काडतूस, धूळ-चिखलातील वागणूक आणि ठोक माल या साऱ्यांची परीक्षा हवी; पण त्याहून अधिक हवी ती खंदकातून आलेली तक्रार ऐकून घेण्याची सवय. सातवे काडतूस अडकते असे सांगणारा कोणीतरी होता आणि त्याचे ऐकणारेही कोणीतरी निघाले, म्हणून ती रायफल सुधारली. जेथे अशी तक्रार दप्तरातच बांधून ठेवली जाते, तेथे उत्तमातली उत्तम परीक्षाही व्यर्थ होय. आणि ही तक्रार ऐकली जाते की नाही, हे पाहण्याचे काम शेवटी त्या शस्त्राची किंमत मोजणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्या नागरिकांचे आहे.