नर माशीचे वयात येणे

चिरलेल्या आंब्यात अळी निघाली की आपण फोड टाकून देतो आणि आंबेवाल्याला बोल लावतो. ती अळी फळमाशीची. मादी सालीला बारीक भोक पाडून आत अंडी घालते. अळी गरात वाढत असल्याने वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. तेव्हा अंडेच फळू द्यायचे नाही, असा विचार पुढे आला. त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडतात, हे अमेरिकेत हर्मन मुलर यांनी १९२७ साली ड्रॉसोफिला या चिलटावर दाखवले. पुढे एडवर्ड निपलिंग यांनी या किरणांकडे वेगळ्याच कामासाठी पाहिले. गुरांच्या जखमांत अळ्या पाडणाऱ्या स्क्रूवर्म माशीचे नर किरणांनी वांझ करून सोडावेत. त्यांच्याशी जुगलेल्या मादीची अंडी फोल जातील, ही त्यांची कल्पना. वेस्ट इंडीजमधील कुरासाओ बेटावर १९५४ साली ती काही आठवड्यांतच फळाला आली. जपानने याच उपायाने ओकिनावा बेटांवरील काकडीवर्गीय फळांची माशी १९९३ पर्यंत हद्दपार केली.

मात्र केवळ संख्येने भागत नाही. कॅरिबियन फळमाशीचे नर पानांवर जमतात, गंध सोडतात, पंखांनी नाद करतात. निवड मादी करते. कारखान्यात वाढवलेला नर वयात यायला सुमारे सात दिवस लागतात. तोवर पाखरे, कोळी आणि उपासमार यांतून तो वाचला पाहिजे.

येथे संप्रेरक मदतीला आले. १९३० च्या दशकात लंडनमध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी ढेकणाच्या जातीतील एका कीटकाची डोकी छाटून पाहिली; बिनडोक्याचा कीटक महिनोन्‌महिने जगे. अशा प्रयोगांतून डोक्यातील एका ग्रंथीच्या स्रावाचा माग लागला. तो पिलाला पिलूच ठेवतो, म्हणून त्याला बाल्यसंप्रेरक म्हणतात. १९७० च्या दशकात त्याची कृत्रिम नक्कल, मेथोप्रीन, तयार झाली. डासांच्या अळ्या प्रौढ होऊ नयेत म्हणून ती पाण्यात टाकू लागले.

गंमत अशी, की बालपणी वाढ रोखणारे हेच द्रव्य प्रौढ नराला मात्र लवकर वयात आणते. पीटर टील, येउदिएल गोमेस-सिमुता आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की हे संप्रेरक मिळालेले कॅरिबियन फळमाशीचे नर अधिक गंध सोडतात आणि जुगण्यात सरस ठरतात. मेथोप्रीन दिल्यावर सात दिवसांचे काम चारवर आले. पुढे मेक्सिकन फळमाशीच्या नरांनाही प्रथिनयुक्त खाद्यासोबत ते देण्यात येऊ लागले.

शाळेच्या पटावर नावे किती, यावरून शाळेची परीक्षा होत नाही. त्यांतली तयार किती, हे पाहावे लागते. कोट्यवधी माश्या सोडणाऱ्यांनाही अखेर हाच धडा गिरवावा लागला.