खोडद वेधशाळेचे नेतृत्व

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे प्रमुखपद. पुणे विद्यापीठाच्या आवारातील हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असून अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालते. तुलनेसाठी, इस्रोच्या अध्यक्षाची नेमणूक केंद्रीय मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती करते व अंतराळ विभागाचे सचिवपदही त्याच्याकडेच असते. खोडदचा प्रमुख मात्र शासनाचा सचिव नसतो. तो संस्थेतील वैज्ञानिक असतो.

संस्थापक : गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मायदेशी एकत्र काम करण्याचा प्रस्ताव पाठवला. होमी भाभांनी तो उचलून धरला आणि चौघांपैकी स्वरूप १९६३ मध्ये परतले. कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांची मांडणी झाली. मग उटीची ५३० मी. लांब, ३० मी. रुंद दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी अक्षांशाइतक्याच उताराची टेकडी शोधली होती, त्यामुळे एका अक्षाभोवती फिरवून आकाशातील स्रोताचा माग ठेवता येतो. खोडदला ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या : १४ मध्यवर्ती चौकात, बाकीच्या सुमारे २५ किमी.पर्यंत पसरलेल्या तीन भुजांवर. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणण्याची युक्ती स्वरूप यांची. खर्च आटोक्यात राहिला तो तिच्यामुळे. अशा माणसाच्या बाबतीत पात्रतेचा प्रश्नच नव्हता. तो उभा राहिला त्यांच्यानंतर.

उत्तराधिकारी : विजय कपाही हे उटीच्या दुर्बिणीवर घडलेले, स्वरूप यांचे विद्यार्थी, १९९९ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते दुर्बिणीचे राष्ट्रार्पण झाले, ते पाहायला कपाही नव्हते. पुढे राजाराम नित्यानंद आले, ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतून आणि मुळात सैद्धांतिक अभ्यासक. त्यांच्या काळात, २००२ मध्ये, दुर्बीण जगभरच्या निरीक्षकांना खुली झाली. त्यांच्यानंतरचे स्वर्णकांती घोष यांचे क्षेत्र अवरक्त खगोलशास्त्र. २०१८ पासून यशवंत गुप्ता : स्पंदक ताऱ्यांचे अभ्यासक, शिक्षणाने विद्युत अभियंते, दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणातील प्रमुख नाव. प्रमुख यंत्र जाणणाराच हवा, हे मत वेधशाळांच्या वर्तुळात वजनदार आहे. खोडदची यादी त्याला निम्मीच साथ देते.



स्थानिक जबाबदारी : रेडिओ गोंगाट रोखण्यासाठी कारखाने, वीजवाहिन्या व मोबाइल मनोरे यांबाबत प्रमुखाला सतत बोलणी करावी लागतात. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग दुर्बिणीच्या कारणाने बदलण्याचे केंद्र सरकारने सांगितले आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत त्यावर मतभेद आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र पंचक्रोशीतील शाळांची खोडदला गर्दी असते.