विंडी गाइल

विंडी गाइल : इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील गवताळ डोंगर. उंची ६१९ मी. चेव्हियट रांगेच्या मुख्य धारेवर तो असून दक्षिणेकडचा उतार नॉर्थंबरलंडमध्ये, तर उत्तरेकडचा स्कॉटिश बॉर्डर्समध्ये जातो. खडक प्राचीन ज्वालामुखींच्या लाव्ह्याचा. तरी कडे-सुळके जवळजवळ नाहीत. गोलसर माथे, खोल घळी आणि मैलोन्‌मैल गवत. मेंढ्यांच्या चेव्हियट जातीचे नाव या रांगेवरूनच पडले.

माथ्यावर दगडांची मोठी रास आहे. ती कांस्ययुगीन दफनाची. तिला जोडलेले रसेलचे नाव मात्र सोळाव्या शतकातले. त्या काळी दोन्ही देशांचे वॉर्डन, म्हणजे सीमेची व्यवस्था पाहणारे अधिकारी, ठरल्या दिवशी सीमेवर भेटत आणि गुरेचोरी, जाळपोळ, खून यांचे दावे तिथेच निकाली काढत. त्या दिवशी कोणी शस्त्र उगारायचे नाही, असा सीमेचा कायदा होता. २७ जुलै १५८५ च्या भेटीत तो मोडला. इंग्लिश वॉर्डन सर जॉन फॉर्स्टर यांचा जावई लॉर्ड फ्रान्सिस रसेल गोळी लागून ठार झाला. हा आकस्मिक प्रकार, असे फॉर्स्टर यांनी आधी कळवले आणि लगेच तो पूर्वनियोजित कट ठरवला. दुसऱ्या जबानीमागे राजकारण असावे, असे मानायला जागा आहे.

माथ्याच्या पूर्वेला क्लेनेल स्ट्रीट ही गुरे हाकण्याची जुनी वाट सीमा ओलांडते. पश्चिमेकडची ‘द स्ट्रीट’ अशीच. कोकेट नदीच्या खोऱ्यातून चढणारे बहुधा एकीने जातात, दुसरीने उतरतात. चढ अवघड नाही, पल्ला दमवतो. वर भेटलेच कोणी तर ते बहुधा ‘पेनाइन वे’चे वाटसरू. १९६५ साली खुली झालेली ही ४३१ किमी.ची पायवाट कर्क येथमला संपण्याआधी या माथ्यावरून जाते. दलदलीच्या टप्प्यांवर फरशा टाकल्या आहेत. त्या नसत्या तर ओल्या ऋतूत पाय घोट्यापर्यंत रुतले असते.

सीमा म्हणजे आता तारेचे साधे कुंपण. पहारा नाही, कायदा मात्र बदलतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला उघड्या माळावर तंबू ठोकता येतो. इंग्लंडचा २००० चा कायदा या डोंगरावर पायी फिरू देतो, मुक्कामाला जमीनमालकाची परवानगी लागते. धुके उतरल्यावर धारेवरची वाट धरून ठेवायला हेच कुंपण उपयोगी पडते.