वृद्ध मांजरांचा आहार आणि निगा

साधारणपणे १० वर्षांपुढील पाळीव मांजराला वृद्ध मानले जाते. या वयात मूत्रपिंडे, अवटू ग्रंथी, स्वादुपिंड, दात व सांधे यांच्या व्याधींचे प्रमाण वाढते आणि त्यानुसार आहार, पाणी व औषधोपचार यांत बदल करावे लागतात. वृद्धत्व हा स्वतः रोग नव्हे. मात्र वजन घटणे, तहान वाढणे किंवा खाणे कमी होणे ही केवळ वयाची लक्षणे समजली गेल्यास उपचार करण्याजोगा रोग निदानाविना राहतो.

आयुर्मान व शारीरिक बदल

घरात सांभाळलेली मांजरे बहुधा १२ ते १५ वर्षे जगतात. काही विसाव्या वर्षापुढेही जातात. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ‘क्रीम पफ’ हे मांजर १९६७ ते २००५ असे ३८ वर्षे जगले. वाढत्या वयात गंध व चव यांची जाणीव मंदावते, प्रथिने व स्निग्ध पदार्थ पचविण्याची क्षमता कमी होते आणि स्नायू झिजतात. त्यामुळे अतिवृद्ध मांजराला कमी नव्हे, तर अधिक पोषक व सुपाच्य अन्नाची गरज असते.

प्रमुख व्याधी

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार हा वृद्ध मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांपैकी एक आहे. अधिक पाणी पिणे, अधिक लघवी होणे, वजन घटणे व उलट्या ही त्याची लक्षणे होत. दिवसाकाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे हे रोगाचे चिन्ह मानतात. हा विकार बरा होत नाही. तथापि फॉस्फरस कमी असलेल्या आहाराने त्याची गती मंदावते.

अवटू ग्रंथीच्या अतिस्रावात मांजर भरपूर खाऊनही वाळत जाते. या रोगाचे मांजरांतील वर्णन प्रथम १९७९ मध्ये झाले. त्यात रक्तप्रवाह वाढल्याने मूत्रपिंडविकार झाकला जातो. म्हणून उपचार सुरू केल्यावर मूत्रपिंडांची तपासणी पुन्हा करतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात व दंतविकार हेही नेहमीचे आहेत. उच्च रक्तदाबामुळे दृष्टी अचानक जाऊ शकते.

आहार

मांजर हा अनिवार्य मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही व वनस्पतिज अन्नातून मिळत नाही. टॉरिनच्या अभावाने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधनातून स्पष्ट झाले. दृष्टिपटलाचीही त्यामुळे हानी होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात प्रचलित असलेली दूध-भाकरी किंवा दूध-पोळी त्यामुळे अपुरी ठरते. शिवाय प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा नीट पचत नसल्याने जुलाब होऊन शरीरातील पाणी घटते.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत, वालचंदनगरच्या परिसरात, उजनी जलाशयातील चिलापी, रोहू, कटला हे मासे मिळतात. मासे वाफवून व काटे काढून द्यावेत. काही कच्च्या माशांतील थायमिनेज हे विकर ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करते. शिजविल्यास ते निष्प्रभ होते. केवळ मासे हा परिपूर्ण आहार नव्हे. सुकट व खारवलेले बोंबील यांत मीठ फार असल्याने रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडांचा विकार असलेल्या मांजरास ते वर्ज्य असतात. कांदा व लसूण रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. त्यामुळे घरचे कालवण किंवा मटणाचा रस्सा देऊ नये.

कोरड्या खाद्यात सुमारे १० टक्के, तर ओल्या खाद्यात ७५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. मूत्रपिंडविकारात व बद्धकोष्ठतेत ओले खाद्य श्रेयस्कर ठरते. या तालुक्यांतील कडक उन्हाळ्यात घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत ताजे पाणी ठेवावे.

पथ्याचे अन्न आठ-दहा दिवसांत, जुन्या अन्नात थोडे थोडे मिसळून रुळवितात. मांजराने ते नाकारल्यास उपाशी ठेवून सवय लावणे घातक आहे. दोन-तीन दिवसांच्या उपवासाने यकृतात मेद साठून प्राणघातक विकार होऊ शकतो. योग्य पण न खाल्लेल्या अन्नापेक्षा खाल्ले गेलेले साधे अन्न अधिक हितकारक असते. अन्न कोमट केल्यास वास वाढतो व मांजर खाऊ लागते. चोवीस तास काहीही न खाल्लेल्या वृद्ध मांजराला पशुवैद्याकडे न्यावे.

निगा

दर पंधरा दिवसांनी वजन करून नोंद ठेवावी. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणे म्हणजे ५ टक्के घट होय. संधिवात असल्यास मलपात्र कमी उंचीच्या काठाचे असावे व झोपण्याची जागा जमिनीलगत असावी. दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी व रक्तदाब तपासून घेणे इष्ट असते. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. शरीरातील पाणी घटल्यास त्वचेखाली सलाइन देण्याची पद्धत पशुवैद्याकडून शिकून घरीही अवलंबता येते.

महाराष्ट्रातील उपचारव्यवस्था व कायदा

मुंबईतील परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय व १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पश्चिम महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गाई, म्हशी व शेळ्यांशी निगडित असते. त्यामुळे तेथील पालकाने ठेवलेली वजनाची, पाण्याची व खाण्याची नोंद निदानास विशेष उपयोगी पडते.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार पाळीव प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा गुन्हा आहे. मालकाने वृद्ध वा आजारी मांजर सोडून देणेही या कलमात बसू शकते. असाध्य वेदना असल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने वेदनारहित मृत्यूचा पर्याय विचारात घेतला जातो.