सोलापुरातील गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी : तथ्यसंकलन पद्धतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
सांख्यिकीय संशोधनाचे निष्कर्ष तथ्यसंकलनाच्या पद्धतीइतकेच विश्वसनीय असतात. प्रस्तुत निबंधात सोलापूरच्या एका जुन्या पाहणीच्या आधारे या विधानाचा विचार केला आहे.

विवेचन :
सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढे हे शहर कामगारांचे मोठे केंद्र बनले. कामगाराचे वेतन गिरणीच्या हजेरीपटावरून समजे. तथापि ही दुय्यम सामग्री एका व्यक्तीची मिळकत सांगते. घरातील इतरांची कमाई, ज्वारीवरील खर्च, घरभाडे व सावकाराचे व्याज तीत दिसत नाही. त्यासाठी कुटुंब हेच अभ्यासाचे एकक मानणे आवश्यक होते.

मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले. या कार्यालयाने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी करून १९२८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. निरक्षर कुटुंबांच्या बाबतीत प्रश्नावली पाठवून भागत नाही. अन्वेषकाने प्रत्यक्ष भेटीत अनुसूची भरावी लागते. अशा मुलाखतीतही उत्तर स्मरणावर अवलंबून राहते आणि कर्ज, व्यसन यांवरील खर्च कमी सांगितला जाण्याचा संभव असतो.

जमाखर्चाच्या अशा पाहणीतूनच राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाचे भार ठरतात. सोलापूरच्या निर्देशांकासाठी फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हे आधारवर्ष होते. पुढे महागाई भत्त्याचा प्रश्न निर्देशांकाशी निगडित झाल्याने अनुसूचीतील नोंदींचा परिणाम थेट कामगाराच्या चुलीपर्यंत पोहोचला.

मात्र या पाहणीचे समग्र गिरणी कामगारांपुरते मर्यादित होते. घरातच हातमाग चालविणारी पद्मशाली व अन्य विणकर कुटुंबे त्याबाहेर राहिली. त्यांनाही तीच महागाई सोसावी लागत होती. पण त्यांच्या खर्चाची रचना या आकड्यांत उतरली नाही. १९५८-५९ मध्ये देशातील ५० औद्योगिक केंद्रांत नमुना पद्धतीने कामगार कुटुंबांची पाहणी झाली व १९६० आधारवर्षाची नवी मालिका तयार झाली. नमुना निवड शास्त्रशुद्ध झाली, तरी समग्राबाहेरील कुटुंब नमुन्यात येऊ शकत नाही.

निष्कर्ष :
नमुना कसा निवडावा, यापूर्वी कोणाला मोजावयाचे हे ठरवावे लागते. आज विडी कामगार वा घरगुती उद्योगांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मार्गदर्शकांनी प्रश्नावलीच्या आधी समग्राची व्याख्या लिहून घ्यावी, हाच या इतिहासाचा बोध होय.