घाटाचा राजा आणि त्याचे साथीदार

श्रोतेहो, ठाण्याजवळ कोलशेतला खाडीच्या काठी उभे राहिले की समोर संथ पाणी दिसते. त्या पाण्यात उल्हास नदीचे पाणी मिसळलेले असते. ही नदी बोरघाटाच्या शेजारी, राजमाचीच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण अशी वाट काढीत आपल्याकडे येते. पाणी ज्या डोंगरावरून खाली येते, त्याच डोंगरावर सायकल घेऊन चढणाऱ्या माणसांची हकिकत आज सांगायची आहे.

मुंबई-पुणे सायकल शर्यत ही आपल्याकडची जुनी आणि नावाजलेली शर्यत. तिच्यात बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ असा किताब देण्याची प्रथा पडली. हा घाटरस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला. पायथ्याची खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही, आणि वर लोणावळे सहाशे मीटरच्याही वर आहे. म्हणजे मुंबईपासून सपाटीवर पळून आलेल्या स्वाराला थोडक्या अंतरात पाचशे मीटरहून अधिक चढायचे असते. बघणाऱ्याला वाटते, ज्याच्या मांड्यांत जोर तो राजा. पण शर्यतीचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

सपाटीवर सायकलस्वाराचा मोठा वैरी म्हणजे वारा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारा स्वार आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च करतो. त्याच्या मागे अगदी चाकाला चाक भिडवून चालणाऱ्याला आडोसा मिळतो आणि त्याचे श्रम चौथ्या-तिसऱ्या हिश्शाने वाचतात. म्हणून स्वार घोळक्याने चालतात आणि पुढे राहण्याची पाळी वाटून घेतात. चढ लागला की हे गणित बदलते. वेग निम्म्यावर येतो, आडोशाला फारसा अर्थ उरत नाही, आणि ज्याचे ओझे त्यालाच ओढावे लागते. पालखीच्या रथाला दिवेघाटात जादा बैलजोड्या जुंपतात. कर्जतला आगगाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने लागतात. सायकलला मात्र घाटात दुसरा बैल जुंपता येत नाही.

मग साथीदारांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो घाटाच्या आधी आणि घाटानंतर. आधी ते आपल्या नायकाला वाऱ्यापासून झाकीत पायथ्यापर्यंत ताजातवाना आणतात, त्याच्यासाठी पाणी आणतात. चढाच्या आरंभी एकेक साथीदार पुढे होऊन वेग असा वाढवतो, की बाकीच्यांची दमछाक व्हावी. आपली ताकद संपली की तो बाजूला होतो. त्याची शर्यत तिथेच संपल्यासारखी असते. आणि मग नायक एकटा निसटतो.

कुठे निसटायचे, ही निवड फार मोलाची. याच खोपोलीच्या परिसरात, उंबरखिंडीत, १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज अडवली. अरुंद वाटेवर फौजेची संख्या तिच्याच पायात आली. शर्यत म्हणजे लढाई नव्हे, हे खरे. परंतु डोंगरात संख्येपेक्षा जागा आणि वेळ यांना किंमत अधिक, हा धडा दोन्हीकडे सारखाच. घाटाच्या मध्यावर, जिथे चढ उभा होतो आणि घोळका विस्कटतो, तिथे मारलेली मुसंडी फळाला येते. सपाटीवर मारलेली मुसंडी बहुधा फुकट जाते.

पण श्रोतेहो, खरी परीक्षा लोणावळ्यानंतर असते. तिथून पुणे सुमारे पासष्ट किलोमीटर. रस्ता पुन्हा बराचसा सपाट, पुन्हा तोच वारा. पुढे एकटा घाटाचा राजा, मागे पाचसहा जणांची टोळी पाळीपाळीने ओढते आहे. अशा वेळी एकट्याने मिळवलेली दोन मिनिटे बघता बघता वितळतात. म्हणून घाटाचा राजा तोच शर्यतीचा विजेता, असे होईलच याचा नेम नाही. इथे साथीदारांचे दुसरे काम सुरू होते. मागच्या टोळीत असलेला साथीदार पुढे येऊन ओढायलाच तयार होत नाही. नुसता चाकाला चिकटून बसतो. पाठलागाची लय बिघडते. हुशार संघ तर आणखी एक करतो. आपला एक दणकट गडी सकाळीच पुढे पळालेल्या चारदोघांत घुसवून देतो. नायक घाट चढून वर येईतो हा गडी पुढे असतोच. तो थांबतो, नायकाला आपल्या आडोशाला घेतो आणि पुढची मजल ओढून देतो.

या विद्येचे मोठे गुरुकुल म्हणजे १९०३ साली सुरू झालेली फ्रान्सची शर्यत, टूर द फ्रान्स. तिच्यात डोंगरातल्या पराक्रमासाठी वेगळे बक्षीस १९३३ पासून आले. पुढच्याच वर्षी वीस वर्षांचा रने व्हिएतो आल्प्सच्या घाटांत सर्वांना मागे टाकीत होता. पिरेनीज पर्वतात त्याच्या संघाचा नायक आंतोनँ मान्य याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून दिले आणि दगडी कठड्यावर बसून मदतीची वाट पाहत रडत राहिला. दुसऱ्या दिवशी नायकाची सायकल पुन्हा निकामी झाली. पुढे गेलेला व्हिएतो मागे वळला, उतरलेला घाट पुन्हा चढला आणि या वेळी आपली सायकलच त्याला दिली. मान्य शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला. डोंगराचे बक्षीस मात्र त्यालाच मिळाले.

१९५२ साली इटलीच्या संघात आंद्रेआ कार्रेआ नावाचा असाच एक साथीदार होता. पुढे पळालेल्या टोळीवर नजर ठेवता ठेवता एका संध्याकाळी सर्वांत कमी वेळ त्याचाच भरला आणि पहिल्या स्थानाचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर चढला. नायक फाउस्तो कॉप्पी याच्या आधी आपण तो घातला, म्हणून त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले! दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझचा घाट चढून कॉप्पीने तो सदरा स्वतः मिळवला.

ही दोन नावे आपल्याला कळली, कारण तिथे कोणी बातमीदार होते आणि त्यांनी लिहून ठेवले. आपल्याकडच्या निकालात बहुधा पहिल्या तिघांची नावे येतात. खोपोलीपर्यंत वारा अंगावर घेऊन मग बाजूला झालेला गडी कागदावर कुठेच नसतो. आणि त्याच्यावाचून घाटाचा राजा कसा झाला, हे कळत नाही. अर्धा इतिहास असाच हरवतो.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या गावात, तालुक्यात ही शर्यत धावलेला कोणी वयस्क गृहस्थ असेल, तर मुलांना त्याच्याकडे पाठवा. वहीत लिहून आणायला सांगा. ‘तुम्ही कितवे आलात?’ हा प्रश्न मुले आपणहून विचारतीलच. दुसरा प्रश्न तुम्ही शिकवा : ‘त्या दिवशी तुम्ही कोणासाठी ओढलंत, आणि तुमच्यासाठी कोणी ओढलं?’